उभं राहायला बोलावलेली

"तुला बोलायला नाही बोलावलं. उभं राहायला बोलावलंय."

काका हे हसत हसत म्हणाले. त्यांच्या घराच्या बेसमेंटमध्ये, मंडळाच्या वीस-पंचवीस माणसांसमोर. सगळे हसले. मीही हसले. राग त्याचाच जास्त येतो.

काका म्हणजे आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. पुण्याचे, इथे येऊन जन्म गेला. स्वतःची कंपनी, मोठं घर. मी हर्नडन गावात सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करते आणि तिथून पुढे एका कौंटीत, म्हणजे इथल्या जिल्ह्यात, भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये राहते. कौंटीचं नाव लिहीत नाही. कुठलंही धरा. नवरा नोकरीसाठी टेक्ससला, इथे मी आणि माझी पाचवीतली लेक.

ग्रुपवर मेसेज आला होता : नवीन बांधकामाची सुनावणी आहे, कम्युनिटीचा प्रश्न आहे, सगळ्यांनी या. काकांच्या वसाहतीला लागून रिकामी जमीन आहे. तिथे अपार्टमेंट होणार, त्यातली काही कमी पगाराच्या लोकांसाठी कमी भाड्याची, असं मी वाचलं होतं. आमच्या बिल्डिंगचं भाडं वाढणार होतं. ही नवी घरं झाली असती तर लेकीची शाळा सुटली नसती. मला वाटलं, मंडळ आपल्यासाठी उभं राहतंय. कसला हा भाबडेपणा. मी तर ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत भाषण लिहून आणलं होतं. म्हटलं, काका, घरांबद्दल मला बोलायचंय. त्यावर ते वरचं उत्तर मिळालं.

"अगं, बोलायचा स्लॉट मंडळाच्या नावावर घेतलाय. ऑर्गनायझेशनला जास्त मिनिटं मिळतात. मी बोलेन, खूण केली की तुम्ही उठा. नंबर्स दिसले पाहिजेत."

आणि माझ्या छातीवर एक हिरवा गोल स्टिकर चिकटवला.

मंडळात मला कामं अशीच मिळतात. पहिल्याच गणपतीला काकांनी आडनाव विचारलं. मी सांगितलं. मग विचारलं, "नागपूरच्या कुठल्या भागातले?" तेही सांगितलं. "अच्छा अच्छा," म्हणाले. तेव्हापासून माझ्याकडे खुर्च्या, टेबलं आणि भांडी. मोदकांना हात लावायला "बाकीच्या आहेत ना". कोणी वाईट बोललं नाही. इथे वाईट बोलत नाहीत, वाटून देतात. मी गेले, दरवर्षी गेले, कारण परक्या मुलखात चार मराठी शब्द कानावर पडावेत असं वाटतं. त्या शब्दांसाठी मी खुर्च्या उचलल्या. आणि सही करताना, ओळख करून देताना, आडनाव गिळायला शिकले.

कौंटीचं सरकार म्हणजे काय, हे मला ठाऊक होतं, कारण त्याच्या पायऱ्या मी लेकीच्या बसस्टॉपसाठी झिजवल्या होत्या. आपल्या जिल्हा परिषदेसारखंच धरा. नऊ जण. त्यांना सुपरवायझर म्हणतात, पण ते मुकादम नव्हेत, निवडून आलेले. आठ जण आठ विभागांतून, आणि एक अध्यक्ष सगळ्या कौंटीतून. शाळांना पैसा किती, रस्ता कुठे, कुठल्या जमिनीवर काय बांधायचं, हे ते नऊ जण मतानं ठरवतात. अध्यक्षाचंही मत एकच. आणि जमिनीचा प्रश्न असला की बाकीचे आठ, ज्याच्या विभागात ती जमीन त्याच्याकडे बघतात. लिहिलेलं कुठे नाही, रीत आहे.

काकांना ही रीत माहीत नव्हती. त्यांनी दिवाळीला अध्यक्षबाईंना बोलावून शाल-श्रीफळ दिलं होतं, फोटो काढले होते. गावाकडे अध्यक्षाला धरलं की काम होतं, तसंच इथेही, असा त्यांचा हिशेब. जमीन आमच्या विभागात, आणि आमच्या विभागाची सुपरवायझर त्या दिवाळीला बोलावलेलीच नव्हती.

सभागृहात आम्ही हिरव्या स्टिकरचे सगळे मधल्या रांगांत बसलो. तिथे टाळ्या वाजवायला बंदी. पाठिंबा दाखवायचा तर मुकाट्यानं उठून उभं राहायचं. काका माइकपाशी गेले. नाव सांगितलं, विभाग सांगितला. मग इंग्रजीत म्हणाले, "आमचा समाज शिकलेला, शांत, मेहनती आहे. आम्ही आयुष्यभर कष्ट करून ही वस्ती घडवली. या भाड्याच्या घरांत कोण येणार, त्यांचे संस्कार काय, त्यांची मुलं आमच्या मुलांशेजारी बसणार, याचा बोर्डानं विचार करावा."

कोण येणार. मी येणार होते. माझी मुलगी येणार होती.

हे वाक्य मी आधी ऐकलंय. भाषा वेगळी होती, गाव वेगळं होतं. पण ते ओळखायला मला भाषांतर लागत नाही.

काकांनी पाठीमागे हात केला. सगळी रांग उठली. साड्यांचा, कोटांचा आवाज झाला. माझेही गुडघे उठायला लागले. सवय हो, दुसरं काय.

माझे बाबा आमच्या मूळ गावी ग्रामसभेला दाराबाहेर उभे राहायचे. आत सतरंजी होती, तिच्यावर जागाही होती. पण बाबा आणि आमच्या वस्तीतले सगळे बाहेर. आतून कोणीतरी ओरडायचं, "हात वर करा रे." हे हात वर करायचे. कशाला केला, विचारलं तर बाबा म्हणायचे, "ठराव होता." कसला ठराव ते त्यांना कोणी सांगत नसे. एकदा त्याच ठरावानं आमच्या वस्तीची विहीर रद्द झाली. बाबांनी स्वतःच्या विहिरीविरुद्ध हात वर केला होता.

मी खाली बसले.

आमच्या विभागाच्या सुपरवायझरनं चष्मा काढला आणि काकांना विचारलं, "तुमच्या संस्थेत भाड्यानं राहणारे लोक आहेत का?"

"आहेत ना," काका म्हणाले. "तेही आमच्याबरोबर उभे आहेत. बघा."

तिनं बघितलं. नऊच्या नऊ जणांनी बघितलं. सगळी रांग उभी, आणि मधे मी बसलेली. काकांनी मान वळवली. माइकपासून जरा बाजूला होऊन, मराठीत, दात न उघडता म्हणाले, "उभी राहा."

मी नाही उठले. मला भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू. पण बसलेलीच राहिले.

नाव न दिलेल्यांनाही शेवटी बोलता येतं. तेव्हा मी उठले, आपणहून. छातीवरचा स्टिकर काढून माइकपाशी गेले. नुसतं पहिलं नाव सांगितलं. अध्यक्षबाई म्हणाल्या, "नोंदीसाठी आडनावही सांगा, प्लीज."

त्यांना ते फक्त लिहून घ्यायचं होतं. नागपूरचा भाग कुठला, हे त्यांनी विचारलं नाही. मी आडनाव सांगितलं. पूर्ण, मोठ्यानं. मागच्या रांगेत कोणीतरी खोकलं.

लिहून आणलेलं भाषण घडी घातलेलंच राहिलं. मी एवढंच म्हणाले, "मी यांच्या मंडळात आहे. यांच्या बाजूनं नाही. तिथे कोण येणार, असं यांनी विचारलं. मी येणार. मला या लोकांनी उभं राहायला आणलं होतं, म्हणून मी बसून राहिले." आणि माझी वेळ उरलेली असतानाच परत आले.

घरी लेकीनं लॅपटॉपवर सगळं बघितलं होतं, सभा लाइव्ह दाखवतात. म्हणाली, "आई, एव्हरीबडी वॉज स्टँडिंग. यू वेअर सो स्मॉल."

"लाज वाटली?"

तिनं खांदे उडवले. "फ्रेंड्सनी विचारलं तर सांगेन, दॅट्स माय मॉम."

आता कोणाला वाटेल, पुढे सगळं चांगलं झालं. नाही झालं. पुढच्या बैठकीत मतदान झालं. आमच्या सुपरवायझरनं घरांच्या बाजूनं मत दिलं, पण त्या दिवशी रीतही पाळली गेली नाही. पाच मतं विरुद्ध, चार बाजूनं. अध्यक्षबाईंचं मत विरुद्ध पडलं. काकांची शाल कामाला आली असेल किंवा नसेल, मला माहीत नाही. घरं झाली नाहीत. भाडं वाढलं. आम्ही कौंटीच्या दुसऱ्या टोकाला आलो आणि लेकीची शाळा सुटली. नव्या शाळेत ती डबा एकटी खाते. मंडळाच्या ग्रुपमधून मला काढलं. एका मावशींनी फोन करून सांगितलं, "अगं, एवढं ताणायला नको होतंस. काका मनानं चांगले आहेत." मी म्हटलं, "मावशी, त्यांच्या मनात मला घर मिळणार आहे का?"

मी व्हिसावर आहे. मला इथे मत नाही, आणि कधी मिळेल याची खात्री नाही. पण त्या माइकवर बोलायला मत लागत नाही, त्या कौंटीत राहणं लागतं. मी राहते. नव्या विभागाचा सुपरवायझर मला ओळखत नाही. ओळखेल.

पुढच्या महिन्यात इथे बसच्या मार्गाची सुनावणी आहे. मी नाव दिलंय. कोणाच्या खुणेनं आता मी उठणार नाही, की कोणासाठी हात वर करणार नाही. माझं नाव पुकारतील, आडनावासकट. तेव्हा उठेन.