तेरा रिकामी अंडी

कोंबडी अंड्यांवर बसवायची तर मी अंडी विषम मोजून ठेवते. नऊ, अकरा, नाहीतर तेरा. का, ते विचारू नका, सासूने शिकवलं तसं करते. आठव्या दिवशी मात्र एकेक अंडं काळोखात टॉर्चसमोर धरून बघते, हे माझं मी शिकलेलं. जीव धरला असेल तर आत लाल शिरांचं जाळं दिसतं. नसेल तर नुसता पिवळा उजेड.

त्या खेपेला तेराच्या तेरा रिकामी निघाली. आधीच्या खेपेला दुसरी कोंबडी बसवलेली, तेव्हाही तेच. भाताच्या कणगीमागे अंधारात मी अंडी धरत होते आणि सून मोबाईलचा टॉर्च. मी आपली रागाने बोलून गेले, "दोन-दोन कोंबड्यांचं असं होतंय, मग कोंबडीचा काय दोष गं? कोंबडाच म्हातारा झालाय. तो बदलायला हवा."

सून लोधिवलीची, बोलायला गोड पण मोजकी. हळूच म्हणाली, "आई, हे जरा तुमच्या लेकालापण सांगा ना."

मला हसू फुटलं आणि मागोमाग लाज वाटली. लग्नाला चार वर्षं झालेली. तिच्या तपासण्या तीनदा झाल्या, सगळं चांगलं निघालं. तरी उपास तिलाच, आणि ते सांगणारी मीच. शेजारीण कुंपणावरून विचारायची, "काय गं, तुजी सून नुसतीच खुडूक बसते, पिल्लू नाय काय?" आणि मी गप्प. डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याला घेऊन या म्हणून केव्हाचं सांगितलेलं, पण लेक जाईना. कोंबडीचं मला कळतं, मग सुनेचं का कळू नये?

दुपारी लेक जेवायला बसला तेव्हा विषय काढला.

"आई, मी काय कोंबडा हाय?"

"कोंबडा असतास तर एव्हाना तुझा रस्सा झाला असता."

आत सुनेच्या हातून झाकण पडलं. हसत होती ती.

"लोक हसतील गं मला."

"बायको चार वर्षं झेलतेय रं. तू एक दिवस झेल."

चार दिवस घुम्यासारखा राहिला. मग म्हणाला, तू बरोबर येणार असशील तर जातो. त्याच्याच टेंपोतून कर्जतला गेलो, तिघं. टेंपो जुना, इंजिन थेट सीटखाली. कडावपासून कर्जतपर्यंत माझं बूड असं शेकलं की उतरल्यावर नीट चालता येईना.

तपासणीत त्याची बीजं कमी निघाली, आणि जी होती ती मंद. डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं. बाईचं बीज गोल, पुरुषाचं त्याहून कितीतरी बारीक, शेपटीवालं. दोन्ही एकेक पेशीच. त्या जुळल्या की त्यांची एक होते, मग एकीच्या दोन, दोनाच्या चार, आणि तिथून सगळा माणूस. मी तोंड उघडं टाकून ऐकत होते. पुढे त्या म्हणाल्या, पुरुषाचं बीज तयार व्हायला गारवा लागतो. मी जन्मभर समजत होते, जीवाला ऊबच लागते! अंड्याला लागते खरी. पण यासाठी तर देवाने ती पिशवी अंगाबाहेर टांगली आहे.

मी पटकन बोलले, "अहो बाई, हा तर दिवसभर इंजिनावर बसतो."

लेक खाली बघत लाल झाला. बाई हसल्या. म्हणाल्या, तेच कारण असेल असं छातीठोक सांगता येत नाही, पण टेंपो थांबवून मधेमधे उतरा, तंबाखू सोडा, सैल कपडे घाला. नवी बीजं तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, मग पुन्हा तपासू.

लेकाने जीन्स टांगून ठेवली. पायजमा घालून, सीटवर गोणपाटाच्या चार घड्या टाकून टेंपो चालवू लागला. आणि मी वाडीवरून नवा कोंबडा आणला.

तीन महिन्यांनी तपासणी बरीच सुधारलेली आली. त्या दिवशी सून अंगणात पापड वाळत घालत होती. शेजारणीने कुंपणावरून नेहमीचा प्रश्न टाकला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात लेकच पायजम्याची नाडी सावरत पुढे झाला.

"काकी, तिला काय इचारता? उणं माझ्यात हाय. इलाज चालू हाय."

सुनेने पापडांवरून मान वर केली नाही, पण हातातला पापड दुसऱ्या पापडावरच टाकला. शेजारीण माझ्याकडे वळून म्हणाली, "बरं, तुज्या त्या नव्या कोंबड्याची अंडी मलापण दे गं, तेरा."