आराखड्यावर सही

आमच्या कॉलेजात बी.ए. फायनलच्या पोरांना संशोधन-निबंध लिहावा लागतो. त्याआधी आराखडा: विषय, प्रश्न, मुद्दे, कोणाकोणाला भेटणार. त्यावर माझी सही झाली की मगच पुढचं काम. निबंध ऑफिसच्या कपाटात जमा होतात, किस्से मात्र स्टाफरूममध्ये. आणि किस्सेच जास्त वाचले जातात!

*

सोनाळ्याच्या गजाननने विषय आणला, ‘भारतातील शेती’. म्हटलं, “फार मोठा आहे, लहान कर.” दुसऱ्या दिवशी ‘बुलडाणा जिल्ह्यातील शेती’. “आणखी लहान.” मग ‘सोनाळ्यातील शेती’. शेवटी आला ‘आमचं वावर’!

“अजून जरा नेमकं कर ना.”

“सर, आता काकाच्या अन् आमच्या वावराच्या मधातला धुरा, बांधच उरला. त्याच्यावर लिवलं तं काका कोर्टात जाते!”

*

प्रवीणच्या आराखड्यात पहिलाच मुद्दा होता ‘निष्कर्ष’.

“अरे, शोधायच्या आधीच निष्कर्ष?”

“थो बाबानं सांगतला सर. थो बदलत नसते. बाकीचं तुमी म्हनान तसं करतो!”

*

कॉलेजसमोरचे टायपिंगवाले अण्णा. सगळ्या पोरांचे आराखडे तेच टाइप करतात. एक आराखडा मी तीनदा परत केला होता. चौथ्यांदा आला तेव्हा समासात पेन्सिलने लिहिलेलं: ‘सर, मुद्दा तीन अन् पाच एकच हायेत. पाच काढला. आता पोराले हिंडवू नका.’

मला रागच आला. पुन्हा वाचलं, तर अण्णांचं बरोबर होतं! गुपचूप सही केली. हल्ली माझा सेमिनारचा पेपरही आधी त्यांनाच दाखवतो.

*

रोहिणखेडच्या कविताचा विषय होता, ‘मुलींचं कॉलेज मध्येच का सुटतं?’ वर्गातली सगळ्यात हुशार पोरगी.

“सर, सही लवकर द्या. बुधवारी पाहुने पाहाले येऊन राह्यले. जमलं तं माहंच कॉलेज सुटते.”

ती हसली, पण मला काही हसू आलं नाही. तरी नियम तो नियम. म्हटलं, “आधी प्रश्नावली एखाद्याकडून भरून आण.”

गुरुवारी ती भरलेला फॉर्म घेऊन हजर. पोह्यांच्या प्लेटबरोबर तिने तो नवऱ्या मुलाच्याच हातात दिला होता, पेनासकट! पहिला प्रश्न: ‘लग्नानंतर बायकोला पुढे शिकू द्याल का?’ पर्याय तीन: होय, नाही, सांगता येत नाही.

“मुलानं आईकडे पाह्यलं, आईनं मामाकडे पाह्यलं, अन् टिक केली तिसऱ्यावर!”

मी सही केली. मग भीतभीतच विचारलं, “आणि तुमच्याकडून काय निरोप गेला?”

“बाबा म्हने, तूच कळव. मीनं बी एक फॉर्म धाडला सर. प्रश्न एकच, ‘मुलगा पसंत आहे का?’ अन् टिक तिसऱ्यावर!”