मालूआत्या आईची चौकशी करायच्या

मालूआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी मुलीला शाळेतून आणायला निघाले होते. झोपेतच गेल्या, त्रास झाला नाही, असं दीर सांगत होते आणि मी एक चप्पल पायात, एक हातात धरून उभी... याला पाच आठवडे झाले. दुःख आहेच. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त चीड आहे, आणि ती शोकसभेपासूनची आहे.

आत्या म्हणजे माझ्या नवऱ्याच्या सख्ख्या आत्या. त्यांची सगळी नोकरी झाशीजवळच्या मोठ नावाच्या गावात, एका सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून झाली. शोकसभेत त्यांचे एक जुने साहेब बोलले. सेवाभावी, हसतमुख, वेळेच्या पक्क्या वगैरे. बाळाचं लसीकरणाचं कार्ड भरताना आईलाही दोन प्रश्न विचारावेत, म्हणून आत्यांनी याच साहेबांकडे कितीतरी अर्ज केले होते. "इसका कॉलम नहीं है, सिस्टर," म्हणून त्यांनी ते परत केले होते. त्याबद्दल अवाक्षर नाही. मी उठून बोलणार होते. सासूबाईंनी माझा हात दाबला आणि हळूच म्हणाल्या, "घरातलं घरात राहू दे." मी बसून राहिले. म्हणून आता लिहिते आहे.

घरातलं ते असं. मी साताऱ्याची, लग्न होऊन झाशीला आले. सात वर्षांपूर्वी मुलगी झाली. मुलगी छान होती. मला मात्र तिसऱ्या आठवड्यापासून काहीतरी होऊ लागलं. ती झोपली तरी मला झोप येईना. ताट समोर आलं की रडू यायचं. तिला उचलताना आपले हात आपले वाटत नसत. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली, डिंकाचे लाडू वाढवले. बाळंतिणीचं असंच असतं, सव्वा महिन्यात होईल ठीक, म्हणाल्या. डॉक्टरीणबाईंनी टाके पाहिले आणि लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. नवरा म्हणाला, एवढी गोड मुलगी आहे, तुला कमी काय आहे? कमी काहीच नव्हतं, आणि त्याचीच लाज वाटायची.

सव्वा महिना झाला तेव्हा आत्या आल्या. पाळण्याकडे एक नजर टाकून त्यांनी सगळ्यांना खोलीबाहेर काढलं आणि माझ्याजवळ पलंगावर बसल्या. बाळ झोपतं तेव्हा तू झोपतेस का, जेवावंसं वाटतं का, असं विचारत राहिल्या. मग अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "आपण नसतो तर बरं, असं मनात येतं का गं?"

मी हो म्हणाले. मला वाटलं आता घरात आकांत होईल. आत्यांनी फक्त माझा हात हातात घेतला. "हा आजार आहे, बेटा. तुझा दोष नाही. याला औषध आहे."

त्याच दुपारी इलाइट चौराह्याजवळच्या मनोविकारतज्ज्ञांकडे निघालो, तर सासूबाई दारात आडव्या आल्या. पागलांच्या डॉक्टरकडे सून नेली म्हणतील लोक. आत्यांनी आवाज चढवला नाही. "वहिनी, हिला ताप चढला असता तर अडवलं असतंत का?"

डॉक्टरांनी अंगावर पाजतानाही चालतील अशा गोळ्या दिल्या, दर आठवड्याला बोलायला बोलावलं, आणि नवऱ्याला बजावलं की हिला एकटं ठेवू नका आणि सलग झोप मिळू द्या. लगेच काही बदललं नाही. दीडेक महिन्यानंतर एका सकाळी मी स्वतःहून पोहे मागितले, तेव्हा आत्या स्वयंपाकघरात जाऊन रडल्या.

बरी झाल्यावर मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं? तेव्हा त्यांनी दवाखान्यात आलेल्या एका मुलीबद्दल सांगितलं. बाळाला लशीला घेऊन आली होती. ब्लाउजची बटणं चुकीची लागलेली, नजर भिंतीवर. आत्यांनी वजन लिहिलं, लस टोचली, पुढची तारीख दिली. त्या तारखेला बाळाला आजी घेऊन आली... आईने जीव दिला होता. "बाळाचं वजन अगदी बरोबर होतं," आत्या म्हणाल्या. "तेवढंच मी बघितलं." तेव्हापासून त्या प्रत्येक आईला विचारू लागल्या आणि अर्ज करू लागल्या. यंत्र नको, सुई नको, फक्त दोन प्रश्न हवे होते. तेही निवृत्त होईपर्यंत कागदावर आले नाहीत.

साहेबांवर मी चिडते खरी, पण मी तरी काय केलं? सात वर्षं कुणी विचारलं की 'अशक्तपणा होता' म्हणत आले. हा आजार बरा होतो हे सांगणारं एक माणूस आत्यांना हवं होतं. ते माणूस त्यांच्याच घरात गप्प बसलं होतं.

मागच्या आठवड्यात लक्ष्मी गेट भागातल्या त्यांच्या दोन खोल्या आवरल्या. उशाजवळ एक वही होती. निवृत्तीनंतरही त्या बाळंतिणींकडे जात होत्या, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. नाव, गल्ली, भेटीचा दिवस. शेवटच्या पानावर लिहिलं होतं : रेखा, हलवायाच्या मागे. झोप नाही. परत जायचं.

वही पिशवीत घालून मी तशीच हलवायामागच्या त्या घरी गेले. दार रेखाच्या सासूने उघडलं आणि म्हणाली, "बच्चा तो अभी सोया है, बाद में आइए."

मी म्हटलं, "बच्चे से नहीं, रेखा से मिलना है."