न दिसलेले तुषार

त्या वर्षांत कपाशी छातीला लागली की फवारणी करताना विषबाधा झालेली माणसं आमच्या भागातल्या दवाखान्यांत यायला लागायची. म्हणून अकोल्याजवळच्या एका गावात, शाळेच्या कॉम्प्युटरच्या खोलीत, शेतकरी बायकांसाठी एक शिबिर ठरलं होतं. त्यात दाखवायला आम्ही दोघींनी एक खेळ बनवला. मी तेव्हा अमरावतीच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचे. माझी मैत्रीण अकोल्याची, तिच्या अब्बांचं फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान होतं. चित्रं तिची, प्रोग्रॅम माझा.

शाळेच्या कॉम्प्युटरवर नवीन काही टाकायची परवानगी नव्हती, म्हणून खेळ ब्राउझरमध्येच उघडायचा होता. पडद्यावर कपाशीचं शेत आणि पाठीवर पंप घेतलेला एक माणूस. माउसने त्याला ओळीओळीतून चालवायचं. वारा मधेच दिशा बदलायचा. पाठीकडून असला तर औषधाचे तुषार पुढे जायचे, समोरून आला की माणसाच्या तोंडावर. फार गेले की तो डोकं धरून खाली बसायचा. मी आधी तो मरतो असं दाखवलं होतं. मैत्रिणीने ते बदलायला लावलं.

"बसव फक्त त्याले," ती म्हणाली. "बाया पाहतील. कोणाच्या घरी काय झालं असंन, आपल्याले काय मालूम?"

माझ्या लॅपटॉपवर खेळ अगदी छान चालायचा. शिबिराच्या आधी पंधरा दिवस आम्ही तो शाळेत लावून पाहिला आणि माझं तोंडच उतरलं. तिथले कॉम्प्युटर जुने. माणूस एक पाऊल टाकायचा, थबकायचा, मग एकदम चार पावलं पुढे दिसायचा.

"हा तर लंगडून राहिला गं," मैत्रीण म्हणाली.

हालचाल सलग दिसायला पडद्यावरचं चित्र सेकंदाला साठेक वेळा नव्याने काढावं लागतं. तिथे ते दहा-बारा वेळाच निघत होतं. कारण मला लगेच सापडलं. शेकडो अर्धपारदर्शक तुषार मी दर वेळी एकेक करून काढत होते, आणि तेवढं काम त्या जुन्या मशीनला झेपत नव्हतं. दोन दिवस बसून मी उपाय केला. मशीन मंद आहे असं दिसलं की तुषार काढायचेच नाहीत. आतला हिशोब मात्र तसाच चालू ठेवायचा, म्हणजे खेळाचे नियम बदलायचे नाहीत. दुसऱ्यांदा शाळेत लावला तेव्हा माणूस सरळ, एका लयीत चालला. मला इतका आनंद झाला की परतताना बसस्टँडवर मी मैत्रिणीला बळेच दोन आलूबोंडे खायला लावले. तुषार दिसत नाहीत हे तिच्याही लक्षात आलं होतं. पण वाऱ्याची दिशा दाखवणारा बारीक बाण कोपऱ्यात होता. तेवढा पुरे, असं मीच तिला सांगितलं.

शिबिराला वीसेक बायका आल्या. शेवटच्या, सगळ्यात जुन्या कॉम्प्युटरवर पन्नाशीच्या एक मावशी बसल्या होत्या. त्यांनी माउस खुरप्याच्या मुठीसारखा घट्ट धरला होता. बाकीच्या हसत, एकमेकींना ढकलत खेळत होत्या. या एकट्या गप्प, एकही ओळ न सोडता माणसाला नेत होत्या. वारा फिरला. बाण वळला, पण त्यांचं लक्ष माणसावर होतं. तो डोकं धरून खाली बसला.

त्यांनी माउस हलवला. पुन्हा हलवला.

"बाई, हा उठत काहून नाही?"

"त्याला औषध लागलं, मावशी."

"कुठं लागलं? मी त पाहूनच राहिली ना. काहीच नाही दिसलं."

आतले आकडे दाखवणारी एक कळ मी माझ्या सोयीसाठी ठेवली होती. ती दाबली. हिशोब बरोबर होता. वारा फिरल्यापासून तुषार सारखे त्याच्या तोंडावर गेले होते. ज्या एका गोष्टीसाठी हा खेळ बनवला, तीच मी पडद्यावरून पुसून टाकली होती, आणि वर त्याचा आनंद केला होता.

"होतं ते, मावशी," मी म्हटलं. "मशीन हळू चालतं म्हणून मीच ते दिसायचं बंद केलं होतं. चूक माझी आहे."

"म्हंजे होतं?"

"होतं."

"अन् दिसत नव्हतं?"

"नाही."

त्यांनी माउस सोडून दिला. बराच वेळ त्या पडद्यावरच्या बसलेल्या माणसाकडे पाहत राहिल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "माह्या दिराचं असंच झालं. पऱ्हाटीत फवारता फवारता असाच बसला डोक्शाले हात लावून. बोबडं बोलत होता, तोंडातून लाळ गळत होती. सारे म्हणले, पिऊन आला. मी सगळ्याच्या आधी म्हटलं. मी बांधावरच होती ना! मले काहीच दिसलं नव्हतं."

"मग?" मैत्रिणीने हळूच विचारलं.

"तो शपथा घेत होता. सणासुदीले घ्यायचा थोडी, म्हणून कोणी मानलं नाही. तब्येत सुधरली, पण याईनं त्याले घराबाहेर काढलं." 'याईनं' म्हणजे त्यांचे यजमान, दिराचे थोरले भाऊ. "अमरावतीपाशी नांदगाव पेठेत कपड्याच्या कंपनीत आहे म्हंतात. सहा वर्षं झाले."

मैत्रिणीने माझा लॅपटॉप आणून त्यांच्यासमोर ठेवला. त्यावर तुषार दिसत होते. मावशींनी मुद्दाम माणसाला वाऱ्याच्या तोंडी नेलं. पांढरे ठिपके वळले आणि त्याच्या चेहऱ्याभोवती जमले. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं आणि ठिपक्यांच्या मागोमाग ते फिरवलं.

"असं जाते?"

"असंच जाते, खाला," मैत्रीण म्हणाली. तिच्या घरी मावशीला खाला म्हणतात.

तीन वेळा त्यांनी त्याला तसंच नेलं आणि तीन वेळा तो बसला. खोलीतल्या बाकीच्या बायका आपापले माउस सोडून त्यांच्या मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. निघताना मावशी माझ्याजवळ आल्या. "तुमी अमरावतीच्या ना? मले कंपनीच्या गेटापाशी नेऊन द्याल?"

पुढच्या आठवड्यात त्या एसटीने आल्या. मी त्यांना घेऊन ऑटोने नांदगाव पेठेला गेले. दुपारी पाळी सुटली आणि गेटातून घोळका बाहेर आला. त्यात एक चाळिशीचा, किडकिडीत माणूस मावशींना पाहून जागच्या जागी उभा राहिला.

"दादा गेला का?" त्याने विचारलं.

मला धक्काच बसला. घरचं कोणी आपल्यापर्यंत येईल, तर ते फक्त मरणाची खबर घेऊन, एवढंच त्याच्या डोक्यात उरलं होतं.

"नाही, नाही. चांगले आहेत," मावशी घाईघाईने म्हणाल्या. "मीच आली. तू प्यायला नव्हता. मीच चुकीचं बोलली होती."

त्याने हातातला डबा या हातातून त्या हातात घेतला. मागून येणारी माणसं आम्हाला वळसा घालून जात होती.

"मले मालूम आहे ना, वहिनी," तो शेवटी म्हणाला. "माह्याच तोंडात गेलं होतं ते." मग म्हणाला, "चहा घेता का?"

टपरीवर आम्ही तिघांनी चहा घेतला. त्याने गावची, म्हशीची, पुतणीच्या लग्नाची चौकशी केली. घरी येतो असं काही म्हणाला नाही, आणि मावशींनीही विचारलं नाही. परतीच्या ऑटोत त्या पदर तोंडाला लावून रडल्या.

त्या रविवारी मी खेळ मोडून पुन्हा लिहायला घेतला. शेताचं चित्र एकदाच काढून मागे ठेवलं. ढग, सावल्या, पानांचं हलणं, सगळं काढून टाकलं. तुषार कमी केले, पण मोठे आणि लालभडक केले, आणि कुठल्याही मशीनवर ते दिसलेच पाहिजेत असं केलं. जुन्या कॉम्प्युटरवर माणूस अजूनही जरा अडखळायचा. मी त्याला तसाच अडखळू दिला.

दिवाळीनंतर मैत्रिणीचा फोन आला. मावशींचा दीर भाऊबीजेला एक दिवस गावी येऊन गेला होता. थोरला भाऊ दिवसभर त्याच्याशी एक शब्द बोलला नाही, पण संध्याकाळी त्याची पिशवी उचलून फाट्यापर्यंत सोडायला तोच गेला.