ग्लायसीनचा डाग

सकाळीच विभागप्रमुखांनी केबिनमध्ये बोलावलं. "मॅडम, पुढच्या सत्रात तुमचे तास बसत नाहीत." मी तासिका तत्त्वावर शिकवत होते, त्यामुळे विचारण्यासारखं काही नव्हतं. "बरं सर," म्हणाले आणि प्रयोगशाळेत गेले. त्या दिवशी अमिनो आम्लांचं प्रॅक्टिकल होतं.

खरं तर फळ्यावर आकृती काढून मोकळी झाले असते. पाय भरून आले होते. पण पीएच सहाचं द्रावण आदल्या दिवशीच करून ठेवलं होतं, ते ओतून द्यायला जीव होईना. ओल्या कागदाच्या पट्टीवर मधोमध तीन ठिपके दिले: लायसीन, ग्लायसीन, अ‍ॅस्पार्टिक आम्ल. दोन्ही टोकांना वीज जोडली. अर्धा तास झाला नसेल, तोच लाइट गेली. विरारला तेव्हा हे रोजचंच होतं. ठिपके जागच्या जागी पसरून गेले.

"जा आता घरी," मी मुलांना म्हटलं.

बरीचशी गेली. गास गावाहून येणारी एक मुलगी मात्र हलेना. घरची वाडी, भाजीचा धंदा; वर्गात कधी तोंड उघडायची नाही. "मॅडम, मी थांबते. तोवर पानी पिऊन येते."

लाइट आली तेव्हा नवी पट्टी लावली. बसल्या बसल्या तिनं विचारलं, "ग्लायसीनवर चार्जच नसतो का?"

"असतो. एका टोकाला धन, दुसऱ्या टोकाला ऋण. बेरीज शून्य, म्हणून ते कुठंच ओढलं जात नाही. आम्लात घातलं तर ऋण टोक हायड्रोजन घेऊन शांत होतं, नुसतं धन उरतं. अल्कलीत उलटं, धन टोकच हायड्रोजन सोडून देतं."

"म्हंजे रेणू तोच, पानी बदललं की वागनं बदलतं."

"हो."

पट्टी सुकवली, अमिनो आम्लांना जांभळा रंग देणारं निनहायड्रिन फवारलं, तेही वाळू दिलं. आता ओव्हनमध्ये तापवायची, तेवढ्यात पुन्हा लाइट गेली. मग बर्नरवर पत्रा तापवला, बर्नर विझवला आणि पट्टी त्याच्यावर धरून बसलो. हळूहळू जांभळे डाग उमटले. धन चार्जचं लायसीन पट्टीच्या ऋण टोकाकडे गेलेलं, ऋण चार्जचं अ‍ॅस्पार्टिक धन टोकाकडे. ग्लायसीन मधेच.

"सुटं सुटं झालं की हो!" ती ओरडली. "पुढच्या वर्षी प्रोटीनचं पन असंच दाखवाल ना?"

"बघू," मी म्हणाले. 

घरी पोचले तर नवऱ्यानं पाणी भरून, कुकर लावून ठेवला होता. "एवढा उशीर?"

"लाइट गेली होती." चपला काढता काढता म्हणाले, "आणि नोकरीही गेली."

त्यानं ताट वाढलं. "आधी जेव," म्हणाला.

जेवले. जूनपासून नालासोपाऱ्यात एका क्लासमध्ये बारावीला शिकवू लागले. तिथं प्रयोगशाळा नव्हती, सगळं फळ्यावरच.