कानबाईचे रोट आणि इल्डाअक्का

माझी थोरली जाऊ इंग्लंडची. नाव हिल्डा, पण देवपुरात ते कुणाच्या जिभेला झेपेना, म्हणून इल्डाअक्का. माझे थोरले दीर गिरधरभाऊ सूतगिरणीचं काही शिकायला तिकडे गेले आणि लग्न करूनच परतले. त्याआधी लढाईत तिचा भाऊ गेला होता. त्या दुःखात ती लंडनला चार माणसांत बसून बुद्धाचं ध्यान शिकली, पंचशील घेतलं. आपण बुद्धाच्याच देशात निघालो, तिथे बरोबर बसायला माणसं मिळतील, एवढीच तिची आस.

इथे कुठली माणसं! मिळाल्या आमच्या सासूबाई, सुगंधाबाई. त्यांनी तिची वीतभर बुद्धमूर्ती हातात घेतली, निरखली आणि निकाल दिला, “हाऊ ते इष्णूनाच अवतार शे. बसू दे त्याले बी देव्हारामा.” बाळकृष्णाशेजारी बुद्ध बसला. रोज हळदकुंकू, रोज नैवेद्य. नाही म्हणाल्या असत्या तर अक्का भांडली तरी असती. पण त्यांची माया अशी, की समोरच्याला श्वास घ्यायला फट राहू नये. मला सासूबाईंचा राग येई तो याचाच.

अक्का कमी हट्टी नव्हती. एकदा मोरीत विंचू निघाला. मी चप्पल उचलली, तर ही त्याला सुपात घेऊन पांझरा नदीकाठी सोडायला निघाली! अर्धी गल्ली मागे. “पाटलांची सून विंचवाची वरात काढते,” म्हणून लोक हसले. ती पण हसली, पण संध्याकाळी मला म्हणाली, “कुंदा, इथे मी गंमत झाले आहे.”

नागपूरच्या दीक्षेनंतर आमच्या शेतावर निंदणीला येणाऱ्या ताईबाईची सारी वस्ती बौद्ध झाली. तिनंच अक्काला सांगितलं, की आम्ही संध्याकाळी जमतो, वंदना म्हणतो. अक्काचा चेहरा उजळला. सासूबाईंना विचारलं, तर त्यांनी कानावर हात ठेवले. त्या वस्तीत पाटलाच्या सुनेनं जाऊन बसायचं? देव घरात आहे, घरातच हात जोडावेत. गिरधरभाऊ चपला घालून बाहेर पडले.

पुढच्या श्रावणात आमची कुलदेवी कानबाई घरात बसली. त्या वर्षी सासूबाईंनी अक्काला पहिल्यांदा रोटाचं, म्हणजे देवीच्या नैवेद्याच्या जाड पोळ्यांचं, पीठ मळायला बसवलं आणि तिच्या ताटात रोट वाढला. आमच्याकडे हा मोठा मान. आता ती पाहुणी नव्हती, घरची होती. सोमवारी नदीवर विसर्जन झालं, दुसऱ्या दिवशी सारे थकून आडवे झाले. “नदीवर जाऊन येते,” म्हणून अक्का मला घेऊन निघाली आणि वळली थेट ताईबाईच्या वस्तीकडे. मी कडेच्या निंबाखाली थांबले.

पंधरावीस माणसं बसली होती. ताईबाईनं हात धरून तिला पुढे नेलं. अक्कानं पदराखालचा डबा काढला, उघडला. आत कानबाईचे रोट.

कुणाकडे रिकाम्या हातानं जायचं नाही, हे आम्हीच तिला शिकवलेलं. घरातलं सगळ्यात पवित्र ते तिनं आणलं. हे रोट भाऊबंदांबाहेर जात नाहीत, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. इथे जन्मलेल्याला ते सांगावं लागत नाही.

ताईबाई हळूच म्हणाली, “बाई, आमी आते देवीनं काहीच खातस नही. शपथ लिधी शे.”

वस्तीतला म्हातारा झुलाल मात्र उठला. “तुमना विहीरवर आमले पानी नही, आन तुमनी देवीना रोट आमी खावाना?”

अक्काला भाषा थोडीच येई, पण तिला सगळं कळलं. मान खाली घालून डबा मिटला. कुणी तिला जा म्हणालं नाही, कुणी बसही म्हणालं नाही. झुलालचा मला संताप आला, आणि त्याचं एक अक्षर खोडता येईना म्हणून जास्तच आला.

घरी बातमी आमच्या आधी पोचली होती. सासूबाई ओरडल्या नाहीत, रडल्या. “सासरी गयेल लेकले बी रोट देतस नही, पोरी, आन तू त्यासले दिधात?” त्यांनी घेतले नाहीत, हे मी सांगितलं. त्यानं काही फरक पडला नाही.

गिरधरभाऊ बायकोला एवढंच म्हणाले, “थोडे दिवस बाहेर जाऊ नकोस.”

थोडे दिवस कसले! सासूबाईंनी जळगावहून बुद्धाची मोठी तसबीर मागवली, माजघराचा कोपरा सारवून तिथे लावली आणि अक्काला इथेच बसायला सांगितलं. “आते आठेच बस. तुले कोठेच जावानं काम नही.” पोरीला एकटं वाटू नये म्हणून संध्याकाळी स्वतः माळ घेऊन शेजारी बसू लागल्या. आल्यागेल्याला कौतुकानं सांगत, आमची गोरी सून किती धार्मिक.

मी उंबऱ्याशी भाजी निवडत ऐकायचे. अक्का डोळे मिटून बुद्धाला शरण जाते म्हणायची, मग धम्माला. तिसरं शरण संघाचं, म्हणजे सोबत चालणाऱ्या माणसांचं. तिथे आली की तिचे ओठ थांबत. सासूबाई प्रेमानं तिच्या पाठीवर हात फिरवत म्हणायच्या, “म्हन ना माय, मी शे ना आठे.”