सोरा सेत्तीमियाच्या खोट्या सुरया

सेत्तीमिया ब्रिझीच्या घरात एकही खरी वस्तू नव्हती आणि याचा तिला भारी तोरा होता. तुस्कानिया या आमच्या गावात बहुतेकांच्या घरी, कोंबड्यांच्या खुराड्यामागे नाहीतर सरपणाच्या ढिगाखाली, काहीतरी दडवलेलं असायचंच. आमच्या शेतांखाली एत्रुस्कन लोक पुरलेले आहेत, रोमच्या कितीतरी आधीचे, आणि त्यांना आपली भांडीकुंडी बरोबर घेऊन झोपायची सवय. नांगर जरा खोल गेला की काहीतरी हाताला लागतं. जे लागेल ते सरकारचं, असा कायदा. जे लागेल ते ज्याचं त्याचं, असा रिवाज. सेत्तीमियाचा बाप एर्कोले जन्मभर रिवाजाला धरून वागला आणि मग कायद्याला धरून तुरुंगात जाऊन आला.

ती तेव्हा शाळेत होती. थडगेफोड्याची पोर म्हणून तिच्या बाकावर कोणी बसेना. बाप सुटून आला, लोकांनी त्याला पुन्हा आपल्यात घेतलं, कारण निम्मा गाव त्याच्यासारखाच होता, फक्त पकडला गेला नव्हता. पोरीने मात्र ते गिळलं नाही. मातीखालची खापरीही आपल्या उंबऱ्याच्या आत येणार नाही, असं तिने तेव्हाच ठरवून टाकलं.

पण रक्तात असतं ते कुठे जाणार? सुरयांचं वेड तिला बापाकडूनच आलं होतं. म्हणून तिने खोट्या जमवल्या. आमच्याकडचे कुंभार आज्याच्या काळापासून परदेशी पाहुण्यांसाठी एत्रुस्कन घाटाच्या सुरया करत आले आहेत. काळीभोर माती, उंच उचललेला कान, तीन पाकळ्यांचं तोंड, पोटावर ठिपक्यांचे पंखे. सेत्तीमिया लोकांच्या शर्टांच्या झिजलेल्या कॉलरी उसवून, उलटून पुन्हा शिवून द्यायची, हा तिचा धंदा. त्यातून उरेल ते सुरयांवर. एकाहत्तरच्या भूकंपानंतर लोक जुनं सामान रस्त्यावर फेकत होते, तेव्हा ती ढिगारे धुंडाळत फिरली. भूकंपात माणसं छप्पर शोधतात, ही बाई सुरया शोधते, असं लोक म्हणाले. म्हणेनात का.

तिच्या घरी कोणी गेलं की ती एकेक सुरई हातात द्यायची. ही कोणाची? नुसता कान पाहून सांगायची. ही चेझिराची, ती डावखुरी होती. ही ऑत्तोरिनोची. त्याच्या सुरया पाझरतात म्हणून एका जर्मन बाईने भर बाजारात त्याला झापलं, तेव्हापासून तो आतून मधमाशांचं मेण लावायला लागला, मग त्याचं पाहून सगळेच. कुंभार कशाने मेला आणि त्याची बायको कोणाबरोबर पळाली, हेही त्यातच यायचं. शेवटी ती ठरलेलं वाक्य म्हणायची, "सगळ्या खोट्या आहेत हो. एकूण एक."

काही वर्षं गेली आणि नगरपालिकेला एकदम साक्षात्कार झाला की आपल्या कुंभारांची आठवण राहिली पाहिजे. गावचं जुनं धुणंघर रिकामंच होतं. तिथे सोरा सेत्तीमियाच्या, म्हणजे सेत्तीमियाबाईंच्या, सुरया मांडायच्या, प्रत्येकीपाशी कुंभाराचं नाव लिहायचं, असं ठरलं. अट एकच होती. यातली कुठलीही वस्तू जमिनीतून आलेली नाही, हे पुरातत्त्व खात्याच्या बाईंनी येऊन तपासायचं. सेत्तीमिया हसली. तपासा म्हणाली, खुशाल तपासा.

बाई यायच्या त्या दिवशी सकाळीच तिचा धाकटा भाऊ नाझारेनो न बोलावता आला. दगडाच्या खाणीत जन्म घालवलेला आडदांड माणूस, पण अंगात रविवारचा कोट आणि चेहरा पांढराफटक. तिने त्याच्यापुढे बडीशेप घातलेली बिस्किटांची कडी ठेवली, वाइनमध्ये बुडवून खायची असतात तसली. त्याने एक तोडलं आणि तोंडात तसंच धरून बसला.

"सेत्तीमिया," तो शेवटी म्हणाला, "बाबांच्या फोटोपुढची सुरई आज तिथे नको."

"का? फुलं कालच बदललीत मी."

"फुलांचं नाही म्हणत."

फोटो स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, संगमरवरी फळीवर होता आणि त्याच्यापुढे काळ्या सुरईत लाल कार्नेशन. बाप गेल्यावर काही महिन्यांनी नाझारेनोच ती सुरई घेऊन आला होता. मोंतेफियास्कोनेच्या जत्रेत मिळाली, बाबांसाठी ठेव, म्हणाला होता. तेवढ्या एका सुरईचा कुंभार तिला कधी ओळखू आला नव्हता. भावाने दिलेली म्हणून तिने फार खोदून पाहिलं नाही. फक्त ती पाझरायची. फळीवर पाण्याचं कडं उठायचं, म्हणून खाली बशी ठेवलेली. रोज सकाळी उठून बशी पुसायची आणि कोण तो आळशी, मेण लावायचंसुद्धा जिवावर आलं मेल्याच्या, असं पुटपुटायची.

तिची नजर भावावरून बशीवर गेली.

"ती पाझरते," ती म्हणाली.

"पाझरणारच." नाझारेनोने मान खाली घातली. "त्या एत्रुस्कन लोकांकडे कुठे होती झापायला जर्मन बाई?"

मग त्याने सगळं ओकून टाकलं. एर्कोलेचा एक नेम होता. थडग्यातून सगळं उचलायचं, पण एक सुरई मेलेल्याच्या उशाशी ठेवूनच बाहेर यायचं. त्याला वाइन ओतून घ्यायला काहीतरी हवं, असं तो म्हणायचा. आयुष्यात एकदाच त्याने नेम मोडला, मार्ता नदीकाठच्या एका थडग्यात, कारण ती सुरई त्याला सोडवेना. त्यानंतर थोड्याच दिवसांत पोलीस आले. बाकी सगळं गेलं, ती तेवढी त्याने कधी दाखवली नाही. मरताना मुलाच्या हातात दिली आणि म्हणाला, नेऊन ठेव परत. नाझारेनो गेलाही होता. पण त्या जागी आता द्राक्षांचा मळा, सिमेंटचे खांब, मालकाचं कुत्रं. परत आला. मग मनात पाप आलं, एक गिऱ्हाईक गाठलं. ते गिऱ्हाईकच पकडलं गेलं आणि नाझारेनोची पाचावर धारण बसली.

"तुझ्याकडे इतक्या खोट्या," तो म्हणाला. "त्यांच्यात एक खरी कोण ओळखणार? आणि बाबांपुढेच राहील, तेवढंच बरं वाटेल त्यांना, असं वाटलं मला."

सेत्तीमियाला भयंकर राग आला. तिने त्याच्यापुढची कड्यांची ताटली उचलली आणि कपाटात ठेवून दिली. इतकी वर्षं ती लोकांना सांगत आली होती, एकूण एक खोटी, आणि इतकी वर्षं बापाची चोरी स्वतःच्या हाताने पुसत, तिला फुलं वाहत बसली होती. बाकावर कोणी बसत नव्हतं तेव्हाची ती पोर पुन्हा तिच्यात जागी झाली.

नाझारेनोने कोटाच्या खिशातून हातोडी काढली. "मी आत्ता संपवतो. चुरा ओढ्यात. विषय मिटला."

"हात लावशील तर बघ."

"अगं, तुला कळतंय का? बाईंनी ती पाहिली तर धुणंघर बंद, मी कोर्टात आणि बाबांचं नाव पुन्हा चौकात. पाहिली नाही तर काहीच नाही. गावात तुझी मान वर."

तो फळीकडे निघाला. ती आडवी उभी राहिली. त्याच्या खांद्याला जेमतेम पोचणारी बाई, पण तो थांबला. हातोडी दोघांच्या मधे तशीच उचललेली राहिली. तेवढ्यात दाराची घंटा वाजली. बाई वेळेच्या आधीच आल्या होत्या. सेत्तीमियाने त्याच्या हातातून हातोडी हिसकावली, ओट्यावर ठेवली आणि वर पुसणं टाकलं.

ओर्नेल्ला तोझी या बाई मोठ्या नीटनेटक्या आणि कामाला चोख. बैठकीच्या खोलीतल्या फडताळांपासून त्यांनी सुरुवात केली. प्रत्येक सुरई उजेडाकडे धरायच्या, बूड भिंगाखाली बघायच्या, नखाने टिचकी मारून कान लावायच्या. मग विचारायच्या, ही कोणाची? एरवी याच प्रश्नाची सेत्तीमिया वाट पाहायची. आज नुसतं नाव सांगून गप्प राहत होती. कोण कशाने मेला, कोणाची बायको पळाली, काही नाही. तिचे कान स्वयंपाकघराकडे होते. तिथे नाझारेनो फळीकडे पाठ करून, फोटो आणि फुलं दोन्ही झाकून, कोनाड्यातल्या संतासारखा उभा होता.

बाई स्वयंपाकघरातही आल्या. चुलीवरच्या फळीवरच्या सुरया पाहिल्या. नाझारेनोला नमस्कार केला. त्याने ओठ न हलवता उत्तर दिलं. पुसण्याखालून हातोडीचा दांडा बाहेर आला होता. सेत्तीमियाने जाता जाता तो आत सरकवला. बाईंनी टेबलावर कागद पसरले, सही केली आणि पेनाला टोपण लावलं.

"सुरेख संग्रह आहे, सोरा. सगळ्या आपल्याच कुंभारांच्या," त्या म्हणाल्या. "एवढ्याच ना?"

हो म्हणायचं होतं फक्त. हो म्हटलं की दार लागलं असतं, धुणंघर उघडलं असतं, नाझारेनो सुटला असता. त्याचे डोळे तिला विनवत होते. लहानपणी त्याने काही फोडलं की तो असाच बघायचा आणि ती मार खायची. तिने आयुष्यभर कॉलरी उलटल्या होत्या. उलटलेली कॉलर वरून कितीही नवी दिसली तरी झिजलेली बाजू आत मानेला घासतच असते. हे तिच्याइतकं गावात कोणाला ठाऊक होतं?

"नाही," ती म्हणाली. "नाझारेनो, बाजूला हो."

तो हलला नाही. तिने त्याच्या दंडाला धरून त्याला सरकवलं. सुरईतली कार्नेशन काढली, पाणी मोरीत ओतलं, सुरई पदरासारख्या बांधलेल्या एप्रनला पुसली आणि बाईंच्या हातात दिली.

बाईंनी ती उजेडाकडे धरली नाही, टिचकीही मारली नाही. नुसती दोन्ही हातांत घेऊन बराच वेळ उभ्या राहिल्या. मग सकाळपासूनच्या सवयीनेच असेल, त्यांच्या तोंडून निघून गेलं, "ही कोणाची?"

"कोणी घडवली ठाऊक नाही," सेत्तीमिया म्हणाली. "या एकीचंच नाव नाही माझ्याकडे. माझ्या बापाने थडग्यातून काढली आणि मी तिच्यात फुलं ठेवली."

बाईंनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं. सेत्तीमियाने भावाकडे पाहिलंही नाही. त्याचं नाव न घेता तिच्याकडून विषय तिथेच संपला होता.

"आणि इथे आणली मी," नाझारेनो म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "तिला आज सकाळपर्यंत माहीत नव्हतं. मला लिहा."

बाईंनी त्याला बसायला सांगितलं आणि नदीकाठची जागा विचारून घेतली. तुम्ही स्वतःहून सांगितलंत हे मी आधी लिहिते, म्हणाल्या. सेत्तीमियाने एकच विचारलं, ती परत तिथे ठेवता येईल का. नाही म्हणाल्या, तसं करता येत नाही. ती संग्रहालयात जाईल.

"मग निदान कोणाच्या तरी शेजारी ठेवा हो," सेत्तीमिया म्हणाली. "एकटी नको."

तो हिवाळा वाईट गेला. नाझारेनोला व्हितेर्बोच्या कोर्टात फेऱ्या घालाव्या लागल्या. शेवटी समज देऊन सोडला, पण त्याने बहिणीकडे यायचं टाकलं होतं, ते तिनेच बोलावलं तेव्हा पुन्हा सुरू झालं. धुणंघराचं काम अडलं. गावाने तोंडसुख घेतलं. खोट्या-खोट्या म्हणत खऱ्या जमवल्या, शेवटी एर्कोलेचीच पोर. बेकरीतल्या रांगेत ती येताच बोलणं थांबायचं. तिला ते लागायचं, फार लागायचं, पण पावासाठी ती रोज त्याच बेकरीत गेली.

वसंतात धुणंघर उघडलं. नाझारेनोने स्वतः फडताळं ठोकून दिली, त्याच हातोडीने. लोक आले. त्यांची घरं खोदली असती तर काय निघालं असतं हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. म्हणूनच असेल, फारसं कोणी बोललं नाही. बेकरीवाल्याने तेवढं खवचटपणे विचारलं, काय सोरा, सगळ्या खोट्याच ना?

"आता सगळ्या," ती म्हणाली आणि त्याच्या हातात ऑत्तोरिनोची सुरई देऊन जर्मन बाईची गोष्ट सुरू केली.

खरी सुरई मठातल्या संग्रहालयात ठेवली गेली. सेत्तीमिया आणि नाझारेनो एका रविवारी तिला बघायला गेले. तिथे दगडी शवपेट्यांच्या झाकणांवर कोरलेली एत्रुस्कन माणसं कोपरावर रेलून जेवायला बसल्यासारखी पहुडलेली आहेत. त्यातल्या एका पोट सुटलेल्या बाप्याच्या हातात वाडगा आहे. बाईंनी सुरई त्याच्याच बाजूच्या कपाटात ठेवली होती. नाझारेनो दोघांमधलं अंतर बघत राहिला. "हात लांब केला तर पोचेल," तो म्हणाला. सेत्तीमिया हो म्हणाली.

बापाच्या फोटोपुढे आता चेझिराची सुरई आहे, डावखुऱ्या कानाची, आतून मेण लावलेली. फुलं तीच, लाल कार्नेशन. पहिल्या दिवशी सकाळी सेत्तीमिया सवयीने उठली, फडकं घेतलं, सुरई उचलली. बशी कोरडी होती. ती थोडा वेळ बशीकडे बघत उभी राहिली आणि मग तिने ती पुसली.